मोजून पाहणारा डॉक्टर : रुस्तम जाल वकील, सर्पगंधा आणि आपल्या घरातला बीपी

बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षांबद्दल आपल्याकडे खूप बोलले गेले आहे आणि वादही खूप झाले आहेत. मधुमेह, सांधेदुखी, पायांच्या वेदना, रक्तदाब अशा दुखण्यांशी झुंजत त्यांनी संविधानाचे काम पुरे केले, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. माईसाहेबांच्या 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या आत्मचरित्रात त्या आजारपणाचे बरेच तपशील येतात. कोणी काय केले, कोणी काय केले नाही, यावर आपण तासन्‌तास बोलतो. मात्र त्या काळात वैद्यकशास्त्राच्या हातात होते तरी काय, हा साधा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

उत्तर असे की रक्तदाबावर फार काही नव्हते. आज घरोघरी चालणाऱ्या गोळ्यांपैकी एकही तेव्हा बाजारात नव्हती. लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी, थायाझाइड गटातली पहिली गोळी १९५७-५८ च्या सुमारास आली. मधुमेहावर आज सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिनसुद्धा १९५७ साली फ्रान्समध्ये वापरात आली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या दिमतीला जगातले उत्तम डॉक्टर होते. तरी १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले आणि त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० च्या वर मोजला गेला. मीठ बंद करा, विश्रांती घ्या, झोपेचे औषध घ्या आणि फारच वाढला तर पाठीतल्या नसा कापायची मोठी शस्त्रक्रिया करा, एवढेच उपाय तेव्हा होते. कित्येक नामांकित डॉक्टर तर वय वाढले की रक्तदाब वाढायचाच, त्याच्या वाटेला जाऊ नये असे मानत.

या अंधारात उपयोगी पडेल असे एक औषध जगापुढे ठेवले ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या एका हृदयरोगतज्ज्ञाने. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील. आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांनी ते ऐकले असेल.

पागल की दवा

रुस्तम वकील यांचा जन्म १९११ सालचा, मुंबईच्या पारशी कुटुंबातला. वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये झाले. परत येऊन त्यांनी केईएममध्ये हृदयरोगाचे काम सुरू केले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा अशी नव्हती. हाताशी होते ते रुग्ण, रक्तदाब मोजायचे पाऱ्याचे यंत्र आणि नोंदवही.

सर्पगंधा या झुडपाची मुळी आपल्याकडे शेकडो वर्षे वापरात होती. सापाच्या विषावर, झोप लागावी म्हणून, वेड लागलेल्या माणसाला शांत करायला ती देत. बिहारकडे तर ही मुळी बाजारात 'पागल की दवा' म्हणूनच विकली जाई. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजमध्ये सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी १९३१ साली या मुळीतले काही घटक वेगळे काढले आणि त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलीन' हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी छापले की या मुळीने वेडाचे झटके तर कमी होतातच, पण रक्तदाबही उतरतो. रामनाथ चोप्रा यांनीही कलकत्त्यात तिच्यावर पुढे काम केले. १९३४ साली हिमालया ड्रग कंपनीने या मुळीच्या गोळ्या 'सर्पिना' नावाने बाजारात आणल्या.

म्हणजे वकिलांच्या आधी बरेच काही झाले होते, आणि हे मुद्दाम सांगतो आहे. एका महापुरुषाने एका रात्रीत शोध लावला अशी गोष्ट विज्ञानात सहसा घडत नाही. प्रश्न असा होता की हे सगळे कलकत्ता, दिल्ली, मुंबईच्या डॉक्टरांपुरतेच राहिले होते. काही जण गोळ्या देत, काहींना गुण दिसे, काहींना दिसत नसे. किती रुग्णांना दिले, किती दिवस दिले, आकडा कितीवरून कितीवर आला, त्रास काय झाला, हे जगाला पटेल अशा रीतीने कोणी मांडलेले नव्हते.

वकिलांनी ते मांडले. दहाएक वर्षे ही मुळी रुग्णांना देऊन पाहिल्यावर त्यांनी ५० रुग्णांच्या नोंदी घेऊन एक निबंध लिहिला आणि तो १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला. पन्नास रुग्ण ही आजच्या मापाने अगदी लहान संख्या आहे. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे आणि मग तुलना करायची ही पद्धत त्या वेळी नुकतीच सुरू झाली होती. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची तशी चाचणी इंग्लंडमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झाली. त्यामुळे वकिलांच्या निबंधात आज एखादा विद्यार्थीही उणिवा काढू शकेल. तरीही तो निबंध बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स या डॉक्टरांनी वाचला, मुळी मागवली, आपल्या रुग्णांना देऊन पाहिली आणि परिणाम खरा असल्याचे सांगितले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला खरा काम करणारा घटक वेगळा काढला. तो म्हणजे रेसर्पिन. काही वर्षांतच रेसर्पिन जगभरच्या औषधांच्या दुकानांत पोहोचले.

१९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकक्षेत्रात नोबेलच्या खालोखाल याचीच गणना होते. त्यांच्याबरोबर नेथन क्लाइन, रॉबर्ट नोस, आन्री लाबोरी, पिएर देनिकेर आणि हाइन्झ लेहमान होते. या पाचांचे काम मनोविकारांवरच्या औषधांचे. पुढच्या वर्षी भारत सरकारने वकिलांना पद्मभूषण दिले. आणखी एक गोष्ट नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोत शिकणाऱ्यांना जवळची वाटेल : असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाचे जे जाडजूड मेडिसिनचे पाठ्यपुस्तक एमबीबीएसची मुले वाचतात, त्याच्या १९६९ च्या पहिल्या आवृत्तीचे संपादक हेच वकील. १९७४ साली त्यांचे निधन झाले.

मुळी शरीरात करते काय?

हे नीट समजून घेऊ, कारण घरातल्या आजीची गोळी समजून घ्यायचा रस्ता इथूनच जातो.

आपल्या रक्तवाहिन्या म्हणजे नुसत्या नळ्या नव्हेत. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात. स्नायू आवळले की नळी अरुंद होते आणि आतला दाब वाढतो. आवळण्याचा निरोप दोन वाटांनी येतो. नसांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलीन सुटते, आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलीन व थोडे नॉरअ‍ॅड्रेनलीन थेट रक्तात येते. अंगावर कुत्रा धावून आला की छाती धडधडते, तो याच रसायनांचा प्रताप.

नसेच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रेनलीन बारीक बारीक पिशव्यांत साठवलेले असते. रेसर्पिन या पिशव्या भरायचे दारच बंद करते. पिशव्या हळूहळू रिकाम्या होतात, आवळण्याचा निरोप क्षीण होतो आणि दाब उतरतो. एका दिवसात नाही, काही दिवस ते आठवडे लागतात. वकिलांसारखा चिकाटीने आठवडेच्या आठवडे मोजत बसणारा माणूस का लागला, ते यावरून कळेल. दोन दिवसांत बघून सोडून देणाऱ्याला हे औषध निकामीच वाटले असते.

पण अशाच पिशव्या मेंदूतही असतात आणि तिथे डोपामिन व सेरोटोनिनही साठवलेले असते. रेसर्पिन त्याही रिकाम्या करते. म्हणून वेडाच्या झटक्यातला माणूस शांत होई आणि म्हणूनच काही रुग्णांना या औषधाने उदासी येई, नाक चोंदे, सुस्ती येई. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन देऊन त्यांची हालचाल थांबवली आणि मग डोपामिनचा कच्चा माल टोचून ती परत आणली. कंपवातावरच्या औषधाची वाट तिथून निघाली आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळाले. बिहारच्या बाजारातली मुळी कुठून कुठे गेली बघा.

रेसर्पिनने आणखी एक मोठे काम केले. रक्तदाब उतरवल्याने माणूस खरोखर वाचतो का, हे १९६७ पर्यंत कोणी सिद्ध केलेले नव्हते. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर चाचणी झाली. त्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ च्या मध्ये होता. ७३ जणांना खऱ्या गोळ्या दिल्या, त्यात रेसर्पिनही होते. ७० जणांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. सुमारे दीड वर्षात बिनऔषधाच्या गटात २७ जणांवर पक्षाघात, हृदय बंद पडत जाणे किंवा मृत्यू असे गंभीर प्रसंग आले. औषधाच्या गटात अशी माणसे होती फक्त दोन. 'रक्तदाबाच्या वाटेला जाऊ नये' हे मत त्या दिवशी संपले.

मूत्रपिंड, साप आणि हृदय

नसा ही झाली एक वाट. दुसरी वाट मूत्रपिंडातून जाते. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बेर्गमान यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, तर त्याचा रक्तदाब चढला. या पदार्थाला त्यांनी 'रेनिन' नाव दिले. पुढची तीसेक वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९३४ साली हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रक्तवाहिनी चिमट्याने आवळून दाखवले की नुसत्या एवढ्याने कायमचा रक्तदाब जडतो. मग कळले की रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होते. ते रक्तवाहिन्या जोरात आवळते आणि अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाला जागे करते. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला सांगते, मीठ जाऊ देऊ नकोस. मीठ थांबले की पाणी थांबते आणि दाब वाढतो. पापड, लोणचे, सांडगे, सावजीचा रस्सा यांचा हिशेब इथे लागतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात भाजीतले, भाकरीतले, शेवेतले सगळे आले.

अँजिओटेन्सिन बनूच नये यासाठीचे औषध कुठून आले? ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषातून. त्या विषाने रक्तदाब एकदम कोसळतो. सर्जिओ फेरेरा यांनी त्यातले कारण शोधले आणि पुढे कुशमन व ओंडेटी यांनी तसाच परिणाम करणारी कॅप्टोप्रिल ही गोळी घडवली. ती १९८१ साली बाजारात आली. सर्पगंधा ही सापाच्या विषावरची मुळी म्हणून प्रसिद्ध, आणि हे औषध सापाच्याच विषातून. निव्वळ योगायोग, पण गमतीचा. त्याच १९८१ साली कॅनडात आडोल्फो दे बोल्द यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदराला टोचला, तर त्याला भरपूर लघवी झाली आणि मीठही बाहेर पडले. हृदय हा नुसता पंप नसून ते स्वतः संप्रेरक सोडते, मीठ बाहेर काढायला सांगते, हे तेव्हा कळले. आज दम लागलेल्या रुग्णाची 'बीएनपी' नावाची रक्ततपासणी करतात, ती याच घराण्यातली.

आता आजीची चिठ्ठी हातात घ्या. अम्लोडिपिन लिहिले असेल तर ते रक्तवाहिनीच्या स्नायूला ढिले करते. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला त्याच्या जागेवर बसू देत नाही. क्लोरथॅलिडोन मीठ बाहेर काढते. तिघांची दारे वेगळी आहेत, म्हणून डॉक्टर कधी दोन गोळ्या देतात. त्यात लूट नाही. रेसर्पिन मात्र आता जवळपास मागे पडले आहे, कारण त्याच्यापेक्षा कमी त्रासाची औषधे आली. कोणी सर्पगंधेची मुळी किंवा चूर्ण आणून देत असेल तर घेऊ नका. त्यात किती औषध आहे हे मोजलेले नसते, आणि जंगलातून ओरबाडल्यामुळे ही वनस्पती इतकी कमी झाली आहे की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

श्रेय कोणाचे?

चळवळीतल्या वाचकाला हा प्रश्न पडणारच, आणि पडायला हवा. लास्कर वकिलांना मिळाला. सेन, बोस, सिद्दीकी यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. मात्र ही मुळी ओळखणारे, खणणारे, कोणत्या दुखण्यावर लागू पडते हे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले आदिवासी, वैदू, गावोगाव फिरणारे जडीबुटीवाले यांच्यापैकी एकाचेही नाव कुठे नाही. फायदा बाझेलच्या कंपनीचा झाला. ज्ञान खालून वर जाते आणि श्रेय वरच अडकते, हे आपल्याला नवीन नाही.

तरी मी वकिलांच्या कामाला कमी लेखणार नाही. आज दोन आवाज जोरात ऐकू येतात. एक म्हणतो, आमच्या ग्रंथांत सगळे आधीच होते. दुसरा, आणि तो कधी कधी आपल्यातूनही येतो, म्हणतो की जुने ते सगळे थोतांड. वकिलांनी मुळी जुनी आहे म्हणून स्वीकारली नाही आणि जुनी आहे म्हणून फेकलीही नाही. पन्नास माणसांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडे लिहिले आणि दुसऱ्याला तपासता येतील असे छापले. बोस्टनच्या माणसाने ते तपासले. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ते दवाखान्यात उतरले तर असेच दिसेल. जीवकाची कथाही आपल्याला माहीत आहे. तक्षशिलेत आचार्यांनी त्याला औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि त्याला एकही सापडली नाही. मात्र त्या कथेचा अर्थ 'कुठलाही पाला चालतो' असा करणारे आज व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर आहेत. कोणती वनस्पती, कोणाला, किती आणि किती दिवस, हे त्यांना विचारून पाहा.

आपल्या वस्तीत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांना आणि २१ टक्के स्त्रियांना रक्तदाब वाढलेला किंवा त्यावर गोळ्या चालू असल्याचे आढळले. हा श्रीमंतांचा आजार आहे हा समज विदर्भातच खोटा ठरला आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवली आणि तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. कोणत्याही दुसऱ्या एका कारणापेक्षा जास्त, आणि बहुसंख्य घरीच. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात. आपल्याकडे लकवा मारला म्हणतात, बाहेरची बाधा म्हणतात, दिवस भरले म्हणतात. बहुतेक वेळा त्यामागे वर्षानुवर्षे न मोजलेला बीपी असतो.

काहीच दुखत नाही, ही या आजाराची खोड. डोके जड वाटले तरच बीपी आहे, हा समज चुकीचा. आणि आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणारे तर प्रत्येक घरात आहेत. आकडा गोळीमुळे नॉर्मल आहे. गोळी थांबली की रेनिन, अँजिओटेन्सिन, नॉरअ‍ॅड्रेनलीन सगळी मंडळी पुन्हा आपल्या कामाला लागतात. 'एकदा गोळी लागली की आयुष्यभर' हे लोक भीतीने म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेच आहे. चष्माही आयुष्यभर लागतो, त्याला कोणी भीत नाही.

महाराष्ट्रासह पाच राज्यांत २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या सरकारी रक्तदाब नियंत्रण उपक्रमात वर सांगितलेल्या साध्या, स्वस्त गोळ्याच वापरल्या जातात आणि सरकारी आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळायला हव्यात. मिळत नसतील तर विचारणे, लेखी विचारणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे.

संशोधनाची आवड असलेल्या मुलामुलींसाठी एक गोष्ट. एमबीबीएसला असताना आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप मिळते. तिच्यात दोन-तीन महिन्यांचा छोटा अभ्यास स्वतः करता येतो. फार्मसी, बायोकेमिस्ट्री, नर्सिंग इथूनही या क्षेत्रात जाता येते. पीएचडीच्या फेलोशिपसाठी आपल्या विद्यार्थ्यांना उपोषणाला बसावे लागते, तो राग रास्त आहे आणि ती लढाई चालूच राहील. पण वकिलांच्या हातात १९४९ साली जे होते ते आज कोणत्याही विहारात असू शकते. दंडाला बांधायचे डिजिटल यंत्र दीड-दोन हजारांत येते.

वर्षावासात किंवा दर पौर्णिमेला लोक जमतात तेव्हा वंदनेआधी बसूनच मोजता येईल. माणसाला पाच मिनिटे शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. दोनदा मोजा, मध्ये एक-दोन मिनिटे जाऊ द्या. १४०/९० किंवा वर आला तर त्याच दिवशी निदान करू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि तसाच राहिला तर आरोग्य केंद्रात पाठवा. १८०/१२० च्या वर असेल, किंवा तोंड वाकडे होणे, हातातली ताकद जाणे, बोबडी वळणे असे काही दिसले तर घरी नेऊ नका, थेट मेडिकल किंवा मेयो गाठा. वहीत नाव, वय, दोन्ही वेळचे आकडे, गोळीचे नाव आणि ती शेवटची कधी घेतली, एवढे लिहा. वही कपाटात कुलपात ठेवा, ग्रुपवर फोटो टाकू नका. पुढच्या पौर्णिमेला तेच यंत्र, तोच दंड.